सारजाबाईनं नारळ वाढवला

सारजाबाईचा नागेश सकाळपासून नारळात होता, आणि सारजाबाईचा पाय काही केल्या एका जागी ठरत नव्हता. बांधावर जाई, परत बाभळीखाली येई, पदराचं टोक पिळी, पुन्हा बांधावर. तिचा नवरा आबाजी दगडावर बसून तळव्यावर तंबाखू मळत होता. मळून मळून तिचं पीठ झालं, तरी तोंडात टाकायची शुद्ध त्याला नव्हती.

"बस की जरा," तो म्हणाला. "तुझ्या फेऱ्यांनी पोरगं भाईर येणार हाय का?"

"आन् तुमच्या तंबाखूनं येणार हाय व्हय?"

आता नारळ म्हणजे देवापुढचा नव्हे. हा वरून आलेला. रंग तोच, अंगावर काथ्या तोच, एका टोकाला शेंडी तीच. फक्त आकार धान्याच्या गोदामाएवढा, आणि जीव असलेला. असले नारळ माघ सरता सरता आभाळातून पडायला लागले. पहिला पडला मोरगावच्या माळावर. तिथल्या जिरायतीत ज्वारी, बाजरी आणि शेरडं. त्यानं एक कडब्याची गंजी हुंगली, नाक मुरडल्यासारखं केलं आणि उठून पुढं गेला, कारण या जातीला ओढ फक्त गोडाची. मग लोणी भापकरवरनं ते बारामतीच्या उसात शिरले, तिथं भरल्या ट्रॉल्या उसासकट, बैलगाड्या बैलांसकट गिळल्या, आणि वासावर वासावर करत इंदापूर तालुक्यात, डाळजच्या खाली, उजनीच्या पाण्याला येऊन टेकले. धरणाचं पाणी ओसरलेलं, काठाला काळा गाळ उघडा पडलेला. त्या गाळात म्हशी बसाव्यात तसे नारळ आडवे पडले होते आणि काठावरचा ऊस ओढून ओढून खात होते. जवळ जो जाई तो उसाबरोबर आत.

नागेश कारखान्याला ऊस घेऊन निघाला होता. नारळानं काथ्याचे दोर टाकले आणि ट्रॅक्टर, ट्रॉली, नागेश, सगळं एका घासात ओढलं. ट्रॅक्टरवरचा टेप तेवढा आतून वाजत राहिला. दबका, घोंगडीत गुंडाळल्यासारखा आवाज, पण वाजत होता. गाणं ऐकू येतंय तोवर पोरगं जित्तं, असं सारजाबाईनं मनाशी धरलं होतं. म्हणून ती बांधावर जायची, कान द्यायची आणि परत यायची.

वर हायवेवर फौज उतरली होती. तोफा रस्त्याच्या कडेनं मांडल्या होत्या आणि वाहनांची रांग पार भिगवणच्या पुढं गेली होती. पण तोफेचा गोळा गेला की काथ्यात अडकायचा, आणि नारळ अंग झाडल्यासारखं करून तो खाली टाकायचा. फौजेची मेजर माधवी बुटकी, चपळ बाई. रागावली की बोलायची बंद व्हायची. त्या दिवशी ती बराच वेळ बोलली नव्हती.

जे काय होणार होतं ते पाव्हण्यांच्या हातून.

पाव्हणे म्हणजे नारळांच्या मागावर आलेली दुसरी जात. त्यांच्या मुलखातून नारळ पोरंबाळं उचलून आले, आणि हे त्यांच्या पाठोपाठ. दिसायला म्हणाल तर वाळत घातलेली काळी घोंगडी तीन काठ्यांवर चालत यावी तसे. तोंड नाही. बोलणं निघायचं गुडघ्यातून. त्यातला एक सारजाबाईच्या मेंढरांच्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, एका पहाटे येऊन पडला होता. कुणाची घोंगडी उडून आली म्हणून ती उचलायला गेली, तर घोंगडीनं तिचा हात धरला. सारजाबाईनं जी शिव्यांची लाखोली वाहिली, ती त्या प्राण्यानं कानात, म्हणजे जिथं कुठं त्याचे कान असतील तिथं, साठवून घेतली, आणि दोन घटकांत तिच्याच बोलीत तिला म्हणाला, "मुडद्या, काठी खाली ठीव. मी लई लांबनं आली हाय."

तेव्हापासून तो तिचा पाव्हणा. भाषा शिकला ती सारजाबाईकडून, म्हणून बोलायचा बाईमाणसासारखा. मी आली, मी बसती, मी बघती. मेजरबाईंना भर फौजेत "काय गं भवाने" म्हणायचा, आणि आबाजीला "आवं, ऐकलं का?" आबाजी त्या दिवसापासून चारचौघांत बसायचा बंद झाला होता. गावानं त्याला दुसरी केली म्हणून पेढे मागितले होते.

पाव्हण्यांची अख्खी फौज गाळाच्या कडेनं उभी होती, आणि त्यांच्यात मराठी समजणारा हा एकच. त्यात त्यांची एक रीत होती: दुसऱ्याच्या वाड्यात लांडगा शिरला तर घरधनिणीनं सांगितल्याशिवाय पाव्हण्यानं हात टाकायचा नाही. जमीन सारजाबाईची, नारळ तिच्या उसाच्या बांधाला. तेव्हा हुकूम मेजरबाईंचा, पण तो जाणार सारजाबाईच्या तोंडून.

पाव्हणा तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या एका काठीला गोफणीसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं. तेच त्याचं हत्यार. सांगावं ते करायचं.

"सारजे," तो गुडघ्यातून हळू म्हणाला, "शेंडी बघ. ताठ व्हाय लागली."

"मग?"

"ताठ झाली म्हंजी प्वाट भरलं. भरलं की उडतंय. माझं कोकरू गिळलं ते असंच उडालं. मी बघत ऱ्हायली."

त्याचं कोकरू म्हणजे त्याचं पोर. हा शब्दही त्यानं सारजाबाईकडूनच घेतला होता. ते पोर आता कुठल्या आभाळात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. सारजाबाईनं त्याच्या घोंगडीवर हात ठेवला.

तेवढ्यात मेजरबाई बांध उतरून धावत आल्या.

"मावशी, आता वेळ नाही. त्याला सांगा, फोडायला. एकच घाव, मधोमध. फोडा म्हणावं."

सारजाबाईनं तोंड उघडलं, पण तो शब्द काही तिला जिभेवर घेववेना.

आता हे शहरातल्या माणसाला सांगून पटायचं नाही. या मुलखात नारळ कुणी फोडत नाही. देवापुढं नारळ वाढवतात. बाईची बांगडी फुटत नाही, वाढते. वाणीसुद्धा संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. वाईट शब्द शुभाच्या वेळी जिभेवर येऊ द्यायचा नाही, हे सारजाबाईच्या अंगात दुधाबरोबर भिनलेलं. आणि इथं तर पोटचा गोळा आत होता. आईनं आपल्या तोंडानं "फोड" म्हणायचं? आणि आत पोराचं काही झालं म्हणजे? जन्मभर तो शब्द दातात अडकून राहायचा.

"मावशी!"

सारजाबाईनं पदर कपाळावर ओढला, मनातल्या मनात बिरोबाला हात जोडले आणि ओरडली, "पाव्हण्या, नारळ वाढीव!"

पाव्हणा थबकला. "काय करू?"

"वाढीव!"

"नक्की गं?"

"व्हय रं बाबा, नक्की! वाढीव!"

"कितीक वाढीवू?"

"कितीक काय इचारतोस? पुरता वाढीव! जोर लावून वाढीव!"

मागच्याच आठवड्यात तिच्या एका मरतुकड्या कोकराकडं बघून ती म्हणाली होती, हे मेलं वाढतच न्हाय. पाव्हण्यानं गोफण फिरवली होती आणि कोकरू वासराएवढं झालं होतं. तेव्हा तिनं त्याचं कौतुक केलं होतं. पाव्हण्याला तो शब्द चांगला पाठ होता.

त्यानं गोफण सोडली. बाकीच्या घोंगड्यांनीही सोडली. हवेत मधमाश्या उठाव्यात तसा आवाज झाला. नारळावर पिवळा उजेड पडला, आणि नारळ वाढला.

आधी गोदामाएवढा होता तो शाळेएवढा झाला. मग शाळेनं बाजारपेठ गिळावी तसा फुगला. काथ्याचे दोर होते ते विजेच्या खांबांएवढे जाड झाले. पाणी काठावरनं मागं सरलं आणि लाटेसारखं परत आलं; पाण्यातले रोहित पक्षी कल्ला करत उठले आणि आभाळ गुलाबी करून करमाळ्याकडं पसार झाले. शेवटी उजनीच्या काठाला एक तपकिरी डोंगर उभा राहिला, ज्याची सावली थेट हायवेवरच्या तोफांवर पडली.

मेजरबाईंचं तोंड उघडं ते उघडंच.

पाव्हण्यानं तिन्ही काठ्या ताठ केल्या. छाती असती तर फुगवली असती. "वाढीवला," तो म्हणाला.

"अगं ए बये," आबाजी उठून उभा राहिला. तळव्यातली तंबाखू सांडली. "काय सांगितलंस तू त्याला?"

"म्या... म्या वाढीव म्हनलं."

"आन् त्यानं वाढीवला! मग चुकला कुठं बिचारा?"

सारजाबाई मटकन खाली बसली आणि लगेच उठली. बसवेना. कान दिला तर गाणं ऐकू येत होतं, पण कसलं! रेड्यानं घागरीत तोंड घालून गावं तसं. गाणंसुद्धा वाढलं होतं.

"सगळे मागं घ्या!" मेजरबाईंना आवाज फुटला. "हायवेच्या पलीकडं! मावशी, चला!"

कारण नारळाला भूकही त्या मानानं लागली होती. एका दोरानं बांधावरची बाभळ मुळासकट गेली. दुसऱ्यानं फौजेचा पाण्याचा टँकर उचलला, हुंगला, फिक्कट लागला म्हणून फेकून दिला. आणि मग शेंडी उठायला लागली. एकेक केस ताडाएवढा. नारळ उडणार होता. त्यानं जोर केला, जमीन हादरली, गाळातून फसफस हवा सुटली. पण वाढल्यावर वजन कुठं जाणार? गाळानं त्याला पोटापर्यंत धरून ठेवलं होतं. तो उठायचा, रुतायचा, पुन्हा उठायचा. प्रत्येक खेपेला थोडा जास्त.

शेंडी पुरती उभी राहिली तेव्हा तिच्या बुडाशी, नारळ आडवाच असल्यानं गाळाच्या जरा वर, तीन डोळे दिसले. गोल, काळे, एकेक विहिरीएवढा.

सारजाबाईनं आयुष्यात जेवढे नारळ हातात घेतले होते, तेवढ्यांचा डोळा तिनं अंगठ्यानं दाबून पाहिला होता. कुणीही बघतो. दोन डोळे टणक असतात आणि एक मऊ.

तिनं कमरेचा विळा काढला आणि पळत सुटली.

"सारजे!" आबाजी ओरडला. "मावशी!" मेजरबाई ओरडल्या. पाव्हणा ओरडला नाही. तो तिच्या मागं तीन काठ्यांवर टपाटप पळत आला.

"कुठं चालली गं?"

"म्या केलंय, म्या निस्तरती. तू यायचंस तर ये."

"येती की. मी लांबनं आली ती काय बघाय आली?"

गाळात ती मांडीपर्यंत जाई, पाव्हणा तिला काठीनं उपसून काढी. वरून काथ्याचे दोर सपासप फिरत होते, पण एवढ्या मोठ्या नारळाला एवढी एक बाई म्हणजे म्हशीला गोमाशी. पहिला डोळा तिनं विळ्याच्या मुठीनं ठोकला. टण्ण. दुसरा ठोकला. टण्ण. तोवर नारळानं उसळी घेतली आणि दोघं चिखलात आडवी झाली. तिसरा डोळा आता डोक्याच्या वर गेला होता. पाव्हण्यानं घोंगडी पसरली, तिला पाठीवर घेतलं आणि उंच केलं. तिनं अंगठा लावला. अंगठा आत गेला.

विळ्यानं तिनं तो साबणाची वडी कापावी तसा कापला आणि दोघं आत पडली.

आत कमरेइतकं गोड पाणी आणि दुधासारखा उजेड. चहूबाजूंनी पांढऱ्या खोबऱ्याच्या भिंती, आणि भिंती हळूहळू जवळ येत होत्या. जे सापडेल त्याच्याभोवती साय धरावी तशी धरत होत्या. गिळलेलं सगळं आत होतं, आणि नारळाबरोबर तेही वाढलं होतं. एक म्हैस कडब्याच्या गंजीएवढी होऊन रवंथ करत उभी होती. तिच्या डोळ्यात सारजाबाईला आपलं अख्खं रूप दिसलं. उसाची कांडकी पाइपलाइनच्या नळांसारखी पडली होती. ट्रॅक्टरचं मागचं चाक दोन माणसं उंच, आणि वर कुठंतरी तो टेप घुमत होता.

"नागेश!" तिनं हाक मारली. त्या जागेत तिची हाक चिमणीची झाली.

मग तिला पाय दिसला. आधी वाटलं, नाव उलटी पडलीय. मग बोटं दिसली. टाचेवर विळ्याचा जुना व्रण, लहानपणी ऊस तोडायला हट्टानं गेला होता तेव्हाचा, आता नांगराच्या तासाएवढा रुंद. गुडघ्यापर्यंत त्याला खोबऱ्यानं धरलं होतं.

सारजाबाई त्या पायाला कवटाळून उभी राहिली. हात पुरेनात.

"ऊठ रं," ती म्हणाली. पाय हलला नाही. मग तिनं जे रोज सकाळी केलं असतं तेच केलं: तळव्याला चिमटा काढला. चिमट्यानं भागेना, तेव्हा विळ्याचं टोक टोचलं.

लांब वर कुठंतरी कण्हल्याचा आवाज झाला. पाणी हिंदकळलं. एक भला मोठा चेहरा खाली वाकला. मिशी बाभळीच्या झुडपाएवढी.

"आये?" नागेशचा आवाज ढगासारखा आला. "अगं, एवढुशी कशानं झालीस तू?"

"मी न्हाय झाली, मुडद्या! तूच वाढलास!"

"म्या? कवा?"

"ते मागनं सांगती. पाय मोकळा कर आदी."

नागेशनं पाय ओढला, खोबऱ्याचं ढेकूळ निघून आलं. पण तो घाबरलेला दिसत नव्हता. दोन्ही कानांवर हात दाबून, डोळे मिटून कसलं तरी ऐकल्यासारखं करत होता.

"आये, हे सगळं नारळ एकाच घडाचं हायती. ह्यात बसलं की त्यातलं ऐकू येतंय. लई जणं हायती. कुणी वरडतंय, कुणी रडतंय. सकाळधरनं कानात तेच."

पाव्हणा एकदम पुढं झाला. "माझं कोकरू?"

"तुझ्यावानी गुडघ्यातनं रडणारं एक हाय," नागेश म्हणाला. "लांब हाय. लई लांब."

पाव्हण्याच्या तिन्ही काठ्या वाकल्या. इतकी वाकलेली घोंगडी सारजाबाईनं पाहिली नव्हती. तेवढ्यात सगळा नारळ तिरपा झाला, पाणी एका अंगाला धावलं, आणि खालून गाळाचा मोठा चोखल्यासारखा आवाज आला. पोट सुटत होतं. आता नारळ उडणार होता, नागेशसकट, तिच्यासकट.

सारजाबाईनं पोराकडं वर पाहिलं. मान मोडेपर्यंत पाहिलं. जिभेवर पुन्हा तोच गोड शब्द आला होता. तिनं तो गिळला.

"फोड!" ती किंचाळली. "फोड रं! फोड त्येला! डोकं घाल, लाथ घाल, फोड!"

नागेश उठून उभा राहिला. डोकं छताला लागलं, छत कडकडलं. त्यानं खांदा लावला. भिंतीला भेग गेली, भेगेतून उन्हाची तलवार आत आली. मग त्यानं एक लाथ घातली, आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंत लोकांनी दारं उघडून बाहेर पाहिलं, एवढा आवाज झाला. नारळाची दोन भकलं झाली. गोड पाणी उजनीत मिसळलं. पुढं कितीतरी दिवस तिथला चिलापी मासा मसाला कितीही घातला तरी गुळचट लागत होता.

फुटल्या नारळातून आधी म्हैस निघाली, हत्तीसारखी डुलत. मग नागेश. एका हातात पदर सावरणारी आई, दुसऱ्या खांद्यावर पाव्हणा.

बाकीच्या नारळांनी ते पाहिलं. एकाच घडाचे ते. एकाला लागलेलं सगळ्यांना लागलं असणार. एकदम सगळ्यांच्या शेंड्या ताठ झाल्या. त्यातला एक नागेशनं उडता उडता शेंडीला धरला, हायवेच्या पुलाच्या दगडावर आपटला आणि वाढवला, म्हणजे खरोखरच फोडला. त्यातून बारामतीकडची माणसं बाहेर पडली, ओली, चिकट आणि भयंकर चिडलेली. बाकीचे नारळ वर निघून गेले, ठिपके झाले आणि दिसेनासे झाले. हायवेवर जवान नाचायला लागले. मेजरबाई मात्र मान वर करून ठिपके गेले तिकडंच बघत राहिल्या.

सारजाबाईला नाचबिच काही नव्हतं. ती पाव्हण्यापुढं उभी राहिली.

"चल, आता हेला बारीक कर."

"काय कर?"

"बारीक कर. ल्हान. व्हता तेवढा कर. घरात जायचंय त्याला. दारात मावला पायजे का नगं?"

पाव्हण्यानं घोंगडी आधी नागेशकडं वळवली, मग तिच्याकडं. मग गुडघ्यातून, जपून म्हणाला, "सारजे, आमच्यात वाढल्यालं परत ल्हान व्हत न्हाय. तुमच्यात व्हतं व्हय?"



त्या रात्री नागेश उसाला टेकून पडला. पडला म्हणजे कूस बदलत राहिला. सकाळी गावानं फौजेच्या कढयांतून पिठलं शिजवलं, भाकरी तर अख्ख्या आळीनं थापल्या. दोन घास त्यानं खाल्ले आणि तिसरा हातातच राहिला. आभाळाकडं बघायचा. कानावर हात ठेवायचा, काढायचा. उठून पाण्यात गुडघाभर जायचा, परत यायचा. त्याच्या येरझाऱ्यांनी काठाची जमीन वाटेसारखी दबली.

"बस की जरा," आबाजी खालून म्हणाला.

"कसं बसू, आबा? आजून ऐकू येतंय."

दुपारी उडालेल्या नारळांच्या मागावर पाव्हण्यांची वाहनं निघायची तयारी झाली. कुणी नागेशला चल म्हटलं नाही. पाव्हण्यांची ती रीत नव्हती. घरधनिणीच्या शब्दाशिवाय ते घरचं काही उचलत नसत. मेजरबाई आल्या, कॅप काढून हातात धरली आणि म्हणाल्या, "मावशी, मी हुकूम देऊ शकत नाही. तो फौजेत नाही. आणि एवढा गणवेश तर आमच्याकडं नाहीच." हसवायचा प्रयत्न होता. सारजाबाई हसली नाही, पण तिनं मेजरबाईंच्या हाताला हात लावला.

मग ती उसातून वाट काढत पोराच्या पायाशी गेली. नागेश गुडघ्यावर बसला, तरी त्याचं तोंड माडीवरच्या खिडकीएवढं उंच होतं.

"आये," तो म्हणाला, "मी जरा जाऊन येतो."

"कुठं?"

"हितंच. ह्यांच्यासंगं. ती रडत्यात ती तेवढी काढतो, आन् येतो."

सारजाबाईनं वर बघितलं. घराबाहेर पडणारा माणूस "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, हेही तिनंच त्याला शिकवलेलं. शेरडं घेऊन पहिल्यांदा रानात गेला तेव्हा "जातो गं" म्हणाला म्हणून तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता.

"नीट सांग," ती म्हणाली. "गोड बोलू नगंस. येतोस का जातोस?"

नागेशच्या श्वासानं उसाचे शेंडे एकदा इकडं, एकदा तिकडं वाकत होते. पाव्हणा लांब उभा होता आणि मुद्दाम पाण्याकडं बघत होता.

"जातो, आये," नागेश म्हणाला.

सारजाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग तिनं हातातला विळा जमिनीत रोवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मग जा की. उभा कशाला ऱ्हायलास? पायाखाली ऊस मोडतोय."